नम्र चेंडू

गोल्फ हा बड्या लोकांचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचं मैदान पाहिलेलं नाही. ते नगरपालिकेचं आहे. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला बसचा डेपो, आणि मधे उरलेल्या जागेचं काय करायचं यावर कुणाचंच एकमत न झाल्यामुळे तिथे गोल्फ सुरू झाला. जिथे पाइप गळतात तिथे गवत हिरवं आहे. एकदा एका कर्तव्यदक्ष इंजिनिअरने गळती बंद केली, तर एका होलभोवतीची सगळी हिरवळ आठवड्यात वाळून गेली. तेव्हा खेळणाऱ्यांनी सह्या गोळा करून गळती पुन्हा सुरू करून घेतली.

या मैदानावर मी आणि माझा थोरला भाऊ दर रविवारी सकाळी खेळायचो. दादाचं फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. वहिनी गेल्यावर त्याचं त्यात मन लागेना, म्हणून त्याने ते बंद केलं. तेव्हापासून रविवार हा त्याचा बाहेर पडण्याचा एकच वार. दोघांत मिळून आमची एकच बॅग होती, दादाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने दिलेली. त्यातल्या काही काठ्यांची मुठीची रबरं गेली होती, तिथे दादाने चौकटीला लावायची सुतळी गुंडाळली होती.

दादाला नीट दिसत नसे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण एका डोळ्याने ते मनावर घेतलं नव्हतं. पायाशी असलेला चेंडू त्याला दिसायचा, उडालेला चेंडू मात्र त्याच्या हिशेबातून जायचा. तो फटका मारायचा आणि माझ्याकडे तोंड करून विचारायचा, "कुठं गेला रे, धाकट्या?" मी सांगायचो. मग मी मारायचो. माझा फटका आखूड होता, पण सरळ. दादाचाही तसाच. दोघांचे चेंडू शेजारी शेजारी पडायचे आणि आम्ही बोलत बोलत तिथवर जायचो. बोलणं काही फार महत्त्वाचं असायचं असं नाही. घरातला नळ, त्याच्या मुलीचा फोन, नाहीतर लहानपणी आमच्या शाळेत कोण होता आणि आता तो कुठे असतो. खेळ आटोपेपर्यंत अर्धी सकाळ जायची. मागच्या लोकांना आम्ही वाट करून द्यायचो आणि ते आमचे आभार मानून पुढे निघून जायचे.

हे असं चाललं होतं आणि असंच चालायला काही हरकत नव्हती.

मी एका विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर आहे. लोकांचं काही नुकसान झालं की ते माझ्याकडे येतात, आणि ते नुकसान आमच्या व्याख्येत कसं बसत नाही हे मी त्यांना शांतपणे समजावून सांगतो. या कामात माणसाला प्रतिष्ठेची सवय लागते. त्यामुळे नवे साहेब आले आणि ते गोल्फ खेळतात असं कळलं, तेव्हा सबंध शाखेत फक्त माझ्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू होतं. साहेबांनी शाखेची सहल आमच्याच मैदानावर काढली. शेवटच्या होलच्या अलीकडे एक तळं आहे. साहेबांचा चेंडू तळ्यावरून पलीकडे गेला. मग सगळ्यांनी मला पुढे केलं.

मी मारलेला चेंडू नेहमीसारखा सरळ गेला आणि नेहमीसारखाच तळ्याच्या अलीकडे थांबला. मला त्यात काही गैर वाटलं नाही. मी आणि दादा तिथून तळ्याच्या कडेकडेने जातो, बदकं बघतो. पण साहेबांनी डोळ्यांवर हात धरून चेंडूकडे पाहिलं आणि म्हणाले, "फार नम्र आहे हो तुमचा चेंडू. पुढे पुढे करत नाही."

लोक हसले. साहेब बोलले की लोक हसतातच, त्याचं मला काही नाही. पण सोमवारी ऑफिसात गेलो तर शिपायाने एक फाइल हातात घेऊन कॅशिअरला विचारलं, "ही कुणाकडे?" आणि कॅशिअर मान वर न करता म्हणाला, "नम्र चेंडूंकडे." इतकी वर्षं मी ज्याचे रजेचे अर्ज पुढे सरकवले, त्याच माणसाने हे म्हणावं.

त्यातच साहेबांनी जाहीर केलं की हिवाळ्यात शाखा-शाखांचा सामना होईल आणि आपल्या संघात ज्यांचा चेंडू तळं ओलांडतो तेच असतील. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कसोशीने पाहिलं नाही.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "मला अंतर वाढवायचंय."

ती कपड्यांच्या घड्या करत होती. "कुणापासून?" तिने विचारलं.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे, बॅगेतली सगळ्यात लांब काठी. स्विंग म्हणजे ती फिरवण्याची पद्धत. ती पद्धत सुधारली की तोच माणूस, तोच चेंडू, पण अंतर वाढतं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादांना काय सांगणार?" मला त्या वेळी हा प्रश्न विषयाला सोडून वाटला.

आमच्या वरच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहतात. त्यांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही, पण टीव्हीवर सगळे सामने पाहिलेले आहेत. शिवाय दिवसभर तोंड उघडून बसलेल्या माणसांशी बोलायची सवय असल्यामुळे समोरच्याने उत्तर द्यावं अशी त्यांची अपेक्षाही नसते. जिन्यात मी सहज विषय काढला, तर ते तसेच माझ्यामागून घरात आले.

"ताकद हातात नसते," ते म्हणाले. "कमरेत असते. तुमची कंबर झोपलेली आहे. फिरवा बघू."

मी फिरवली.

"ही नाही, ती खांद्याने फिरली. कंबर एकटी फिरली पाहिजे." आणि त्यांनी माझ्या मागे उभं राहून दोन्ही हातांनी माझी कंबर धरली. मी छत्री हातात घेऊन डोळे मिटून स्विंग करायचो आणि ते योग्य क्षणी मला डावीकडे वळवायचे. "सोडा. सोडा. स्वतःला सोडा," असं ते म्हणत होते. नेमक्या त्याच वेळी बायको तिच्या वाचनमंडळाच्या बायकांना घेऊन आत आली. दंतवैद्य शांतपणे म्हणाले, "हं, आता बरं वाटतंय ना?" आणि चपला घालून निघून गेले. बायका त्या दिवशी चहासाठीसुद्धा थांबल्या नाहीत.

छत्रीवरून मी खऱ्या ड्रायव्हरवर आलो आणि त्याच आठवड्यात दिवाणखान्यातला लोंबता दिवा गेला. बायकोने काचा गोळा केल्या. ती रागावली नाही, पण जेवताना अंधारात मला भाजी शोधायला लावली. त्यावरून एवढं सिद्ध झालं की सरावाला मोकळी जागा हवी. मोकळी जागा म्हणजे इमारतीची गच्ची. तिथे एक जाळी बांधायची आणि जाळीत चेंडू मारायचे, इतकं ते सोपं होतं.

आमच्या इमारतीचे चिटणीस निवृत्त झाल्यापासून जास्त काम करतात. त्यांनी माझा अर्ज उभ्या उभ्या वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"नियमावलीत गच्चीचा उपयोग कपडे वाळत घालणे, टाक्यांची देखभाल आणि लहान कौटुंबिक समारंभ एवढाच आहे. हे यातलं कशात बसतं?"

"कशातच नाही. म्हणून तर अर्ज दिला."

"कशातच बसत नाही तो अर्ज मी सभेपुढे ठेवू शकत नाही. ठेवला तर नियमावली बदलावी लागेल, आणि नियमावली बदलायला जितके सभासद हजर लागतात तितके या इमारतीत कधी हजर राहिलेले नाहीत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण कबुतरांसाठी जाळी लावायला बंदी नाही."

त्यांच्या मनात माझं भलंच होतं, हे मी आजही मान्य करतो. सभेत कबुतरप्रतिबंधक जाळीचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. एका सभासदाने स्वखर्चाने सार्वजनिक उपयोगाचं काम केल्याबद्दल माझं अभिनंदन करण्यात आलं. तळमजल्यावरच्या काकू तर म्हणाल्या, "नाहीतर आजकाल कोण करतं दुसऱ्यांसाठी." मी मान खाली घातली. ते सगळ्यांना विनयाचं लक्षण वाटलं.

आता गोल्फच्या जाळीचा कबुतरांना काहीच अडथळा होत नाही. उलट त्यांना ती बसायला बरी पडते. महिनाभरात तक्रार आली की कबुतरं वाढली आहेत. समितीचे लोक पाहणीसाठी वर आले, तेव्हा मी ड्रायव्हर घेऊन उभा होतो. चिटणिसांनी पटकन सांगितलं की हे कबुतरं हाकलतात. मला दोन-चार वेळा काठी हवेत फिरवून दाखवावी लागली. एका सदस्याने विचारलं, "रोज करता?" मी म्हटलं, "ऑफिसला जायच्या आधी." त्यांच्या डोळ्यांत खरोखर आदर होता.

या सगळ्यात रविवार कुठे गेले ते मला कळलं नाही. खरं सांगायचं तर कळलं होतं. मी एका कोचकडे जायला लागलो होतो आणि तो रविवारीच शिकवायचा. बाजारातल्या एका बंद खोलीत त्याने भिंतभर पडदा लावला होता. आपण पडद्यावर चेंडू मारायचा, मग पडद्यावर मैदान दिसतं आणि चेंडू कुठे गेला असता ते यंत्र सांगतं. पहिल्या दिवशी कोचने माझा स्विंग टिपून मला सावकाश फिरवून दाखवला. हातात पिशवी घेतलेला एखादा माणूस सुटलेल्या बसकडे वळून बघतो, तसा मी दिसत होतो.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" कोचने विचारलं.

"भावाने."

"हे सगळं पुसावं लागेल," तो म्हणाला.

दादाला मी फोन करून सांगितलं की हा रविवार जमणार नाही. तो म्हणाला, "बरं." पुढच्या वेळीही तो "बरं" म्हणाला. दादाचं 'बरं' नेहमी एकाच सुरात असतं, त्यामुळे त्यातून काही कळायला मार्ग नसतो, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. एका रविवारी बायको भाजी घेऊन आली आणि म्हणाली, "दादा भेटले डेपोजवळ. मैदानावर एकटेच गेले होते. पहिलाच चेंडू सापडला नाही म्हणून परत निघाले होते."

"दुसरा चेंडू नव्हता का?"

"असेल," ती म्हणाली. "तोही शोधावाच लागला असता ना."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटल्यावर मी जे केलं त्याने गोष्ट आणखी बिघडली. मला वाटलं, बॅग एक असल्यामुळे दादाची अडचण होते. मी ड्रायव्हर कोचकडे नेतो आणि तो बिचारा उरलेल्या काठ्यांवर खेळतो. तेव्हा मी स्वतःची नवी बॅग घेतली, आत नवा ड्रायव्हर, आणि जुनी सगळी दादाला परत द्यायला गेलो. दादाने ती बॅग जमिनीवर उपडी केली आणि दोन भाग करायला लागला. "ही तुझी," तो म्हणायचा आणि एक काठी माझ्याकडे सरकवायचा.

"दादा, मला नकोत. सगळं तुझंच आहे."

"असं कसं, निम्मं तुझं आहे. वडिलांचं घर वाटून घेताना आपण मधे रेघसुद्धा ओढली नव्हती. ती आता काठ्यांत ओढू." तो हसून म्हणाला. मीही हसलो. निघताना मी माझा भाग त्याच्या दाराच्या मागे उभा करून ठेवला. तो त्याने पाहिला असणार.

अंतर वाढत होतं, हे मात्र खरं. एका सकाळी गच्चीवर कंबर, खांदा, मनगट, सगळं कोचने सांगितलं तसं एका पाठोपाठ एक झालं. असा आवाज निघाला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. चेंडू जाळीच्या एका विरलेल्या जागेतून आरपार गेला आणि गच्चीवरच्या सौर बंबाच्या काचेच्या नळ्यांवर आदळला. एक फुटली तशी शेजारची फुटली. पाणी गच्चीभर पसरलं. हिवाळा नुकताच सुरू झाला होता. त्या दिवशी सबंध इमारतीने गार पाण्याने आंघोळ केली. मी बंद दाराआडून जिन्यातलं बोलणं ऐकत होतो. कुणीतरी म्हणत होतं, "कबुतरं कशी काय फोडतील?" आणि दंतवैद्य म्हणत होते, "चोच फार कठीण असते हो."

इमारतीचा विमा आमच्याच कंपनीचा होता. मीच त्यांना तो घ्यायला लावला होता. चिटणिसांनी दावा दाखल केला आणि तो अर्थातच माझ्या टेबलावर आला. नुकसानीच्या कारणात त्यांनी 'अज्ञात पक्ष्याकडून आघात' असं लिहिलं होतं. त्यांना दुसरं काही लिहिताच येत नव्हतं, कारण इमारतीच्या कागदोपत्री गच्चीवर फक्त कबुतरं होती, गोल्फ कुठेच नव्हता. पक्ष्यांमुळे झालेलं नुकसान आम्ही देत नाही. ते कलम मला पाठ आहे. मी कित्येक लोकांना ते वाचून दाखवलं आहे. मी स्वतःच्या हाताने तो दावा नामंजूर केला, नंतर चिटणिसांच्या घरी जाऊन नळ्यांचा सगळा खर्च भरून दिला. चिटणिसांनी मला पावती दिली ती 'पक्षिनिवारण देणगी' म्हणून.

त्यानंतर गच्ची बंद झाली, पण मला गच्चीची गरजही उरली नव्हती. सामना जवळ आला होता आणि मला कुणाला तरी दाखवायचं होतं. म्हणून मी दादाला फोन केला. म्हटलं, रविवारी चल.

तो लवकर येऊन थांबला होता. स्वेटर नवीन होता, बूट पुसलेले होते. पहिला फटका त्याने मारला. मी त्याला कुठे गेला ते सांगितलं. मग मी मारला. तसा फटका मी आयुष्यात मारला नव्हता.

दादा माझ्याकडे वळला. "कुठं गेला?"

"लांब."

"लांब म्हणजे कुठं?"

मी बोट केलं. पण बोट त्याला दिसत होतं, पुढचं नाही. आणि खरं म्हणजे मलाही नक्की कळलं नव्हतं. एवढ्या लांबचे चेंडू बघायची मला सवय नव्हती. "ये तू मागून," असं म्हणून मी भराभर चालायला लागलो. चेंडू कुठे पडला ते विसरायच्या आत तिथे पोचायला हवं होतं. पोचलो, सापडला, मागे वळून पाहिलं तर दादा गवतात वाकून पायाने काहीतरी चाचपत होता. मी ओरडून सांगितलं, "डावीकडे, दादा. आणखी डावीकडे." तो उजवीकडे गेला. वारा होता. पुढच्या होललाही तसंच झालं. मागचे लोक खोळंबले. आधी आम्ही त्यांना वाट द्यायचो, पण त्या दिवशी मला कुणालाच वाट द्यायची नव्हती.

थोड्या वेळाने दादा माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "मी त्या बाकावर बसतो. तुझं चांगलं चाललंय, ते मोडू नकोस."

मी दोनदा विचारलं, "नक्की ना?" आणि पुढे गेलो. तळ्यावरून चेंडू पलीकडे गेला. बघायला कुणी नव्हतं. एक बदक बाजूला झालं, तेवढंच.

परत आलो तेव्हा दादा बाकावर हात मांडीवर ठेवून बसला होता. मी त्याला प्रत्येक होलचं सगळं सांगितलं, कोचचे शब्द वापरून सांगितलं. त्याने मधे एकदाही टोकलं नाही. मी थांबल्यावर म्हणाला, "छान झालं." मग बुटाच्या टाचेने माती उकरत म्हणाला, "मुलगी म्हणतेय, तिकडेच येऊन राहा. एकटे काय करता म्हणतेय."

माझ्या अंगात अजून तो फटका होता. मी म्हटलं, "जा की. मजा येईल तुला. हवापालट होईल."

"हो, तेही आहे," दादा म्हणाला.

आता वाटतं, तो मला कळवत नव्हता, विचारत होता. त्याला उत्तर द्यायला मी एखादं मिनिट जरी घेतलं असतं, तरी चाललं असतं.

सामन्याचं फार काही सांगण्यासारखं नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नगरपालिकेने दुरुस्तीसाठी तळं रिकामं केलं होतं, त्यामुळे साहेबांनी निवडीची अट सोडून सगळ्यांनाच उतरवलं होतं. जिथे पाणी होतं तिथे कडक वाळलेला चिखल होता, आणि ज्यांचे चेंडू आयुष्यात कधी तळ्यापलीकडे गेले नव्हते त्यांचेही त्यावरून टणाटण उड्या मारत पलीकडे चालले होते. कॅशिअरचासुद्धा गेला. साहेब म्हणाले, "हं, आता तुम्ही. बघू दे तुमची मेहनत."

मी कमरेला सांगितलं, फिर. ती फिरली, आणि परत यायची राहिली. पाठीत काहीतरी कुलपासारखं लागलं. चेंडू कुठे गेला ते मला माहीत नाही, कारण मला मान वळवता येत नव्हती. हात खांद्यावरून मागे, काठी पाठीला टेकलेली, छाती आकाशाकडे, असा मी उभा राहिलो. लोकांना वाटलं मी फोटोसाठी थांबलोय. दोघा-तिघांनी काढलेही. साहेब इतरांना म्हणाले, "हे बघा. फटक्याचा शेवट असा असावा लागतो." मी दात आवळून म्हणालो, "साहेब, मला धरा." ते म्हणाले, "धरायला काय हवंय, उत्तमच आहे."

शेवटी मला तशाच अवस्थेत डेपोतल्या एका रिकाम्या बसमधून इस्पितळात नेलं, कारण गाडीच्या दारातून मी आत जात नव्हतो. शाखेच्या वार्तापत्रात तो फोटो छापून आला. खाली कुणीतरी 'आदर्श शैली' असं लिहिलं होतं. पुढच्याच महिन्यात साहेबांची बदली झाली. नवे साहेब बुद्धिबळ खेळतात.

डॉक्टरांनी मला फळीवर सरळ झोपवलं होतं. दादा मुलीकडे राहायला निघाला, त्या दिवशी स्टेशनवर जाण्याआधी तो घरी आला. मी त्याला सोडायला जायचं, तर त्यालाच मला भेटायला यावं लागलं. मला उठता येत नव्हतं, आणि त्याचा चेहरा वरून वाकल्याशिवाय मला दिसत नव्हता. म्हणून तो बराच वेळ वाकून उभा राहिला.

"दुखतंय का फार?"

"हलल्यावर दुखतं."

"मग हलू नकोस," तो म्हणाला. बायकोने खुर्ची आणली. खुर्चीत बसल्यावर तो मला दिसेना. मी छताकडे बघत बोलत होतो, तो खुर्चीतून बोलत होता. घरातला नळ, गाडीची वेळ, तिकडची थंडी. मला सांगायचं होतं की जाऊ नको, निदान मी उठेपर्यंत तरी थांब. पण सामान खाली रिक्षात ठेवलेलं होतं आणि बायको पाण्याची बाटली भरत होती. अशा वेळी म्हणायचं तरी कसं. दादाने माझ्या कपाळावर हात ठेवला, लहानपणी ताप बघायचा तसा. मग जिन्यावरून त्याची पावलं ऐकू आली. तो एकेक पायरी बघून उतरत होता.

पाठ बरी व्हायला हिवाळा संपला. डॉक्टरांनी सावकाश खेळायची परवानगी दिली आणि मी दादाला भेटायला त्याच्या मुलीकडे गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की तिथे मैदान असेल तर दोघं मिळून जाऊ, पूर्वीसारखे, आणि जमलं तर त्याला परत घेऊनच येऊ.

दार उघडलं ते दादाच्या व्याह्यांनी. बुटके, गोल, कानाला यंत्र लावलेले गृहस्थ. त्यांना ऐकू येत नव्हतं आणि दादाला दिसत नव्हतं, आणि ते दोघं रोज सकाळी पाठीमागच्या मोकळ्या माळावर जुन्या काठ्या घेऊन जायचे. दादानेच त्यांना शिकवलं होतं.

"हा माझा धाकटा," दादा मोठ्याने त्यांना म्हणाला. "फार लांब मारतो." त्याने ते इतक्या कौतुकाने सांगितलं की मला खाली बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मला ते बरोबर घेऊन गेले. व्याह्यांनी मारला, तो जेमतेम गवतातून सरपटत गेला. दादाने मारला, तो त्याच्या शेजारी जाऊन पडला. "तुमचा माझ्यापुढे गेला," व्याही म्हणाले. "काय म्हणता," दादा म्हणाला. मग दोघांनी माझ्यासाठी जागा करून दिली.

मी हात सैल सोडले. कंबर वळवायची नाही असं ठरवलं. पूर्वीसारखा, वळून बस बघितल्यासारखा, एक साधा आखूड फटका मला मारायचा होता. पण कोचने पुसून टाकलेलं मला परत आठवेना. शरीराला जे शिकवलं होतं तेच त्याने केलं. चेंडू वर गेला आणि जात राहिला, माळाच्या पार टोकाला, झाडांच्या दिशेने.

"गेला की हो," व्याही कौतुकाने म्हणाले. दादाने विचारलं, "बरोबर बसला ना?"

"बसला," मी म्हटलं.

"मग आण शोधून. आम्ही येतो आमचं आमचं."

मी चालायला लागलो. माळ मोठा होता. झाडांपाशी पोचून चेंडू सापडायला बराच वेळ लागला. हातात घेऊन मागे पाहिलं तर ते दोघं तिकडे, जवळपास होते तिथेच होते. व्याही बोटाने काहीतरी दाखवत होते आणि दादा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून वाकला होता. चेंडू सापडला असावा, कारण दोघंही हसत होते. मी हात वर केला. इतक्या लांबून दादाला तो दिसणं शक्य नव्हतं, आणि हाक मारली असती तर ती दादापर्यंत पोचली नसती, व्याह्यांना तर ऐकूच आली नसती. मी हात खाली घेतला आणि त्यांच्याकडे चालायला लागलो.